बिऱ्हाडाच्या बॅटऱ्या

१९ नोव्हेंबर. का. व. ४. प्रवरासंगम.

पहाटे सौ.चे प्राणवायूचे यंत्र थांबले. त्याआधी उशाशी असलेला दिवा पिवळा पडू लागला होता. त्या पिवळेपणानेच मला जाग आली, म्हणून हात वेळेवर पोहोचला. ती उठून बसली होती. दोन्ही तळहात गुडघ्यांवर, तोंड उघडे. माझ्याकडे पाहत होती, परंतु हाक मारण्याइतका श्वास तिच्यापाशी नव्हता. छोटा सिलिंडर लावला.  पुढे ओठांचा रंग परतला.

शाळेने काढून टाकलेली मिनीबस निवृत्तीच्या वर्षी घेतली, तिला सौ.ने 'बिऱ्हाड' म्हटले. मागच्या बाकाखाली बसविलेल्या दोन बॅटऱ्यांवर तेव्हा दोन दिवे आणि एक पंखा एवढेच चालावयाचे होते. आता त्यांवर एक माणूस चालते.

सकाळी देवळाच्या पुजाऱ्याने स्वतःहून सांगितले, "काका, गाभाऱ्याच्या भायेर प्लग हाय. वायर घ्या की. देव काय बिल मागतोय व्हय?"

घेतली नाही. देवस्व. देवासाठी आलेले तेल जसे, धान्य जसे, तशीच वीज. बिऱ्हाड घेतले त्या दिवशी दोघांनी मिळून केलेला नियम: देवळाच्या आवारात राहावे, प्रवचन सांगावे, पाणी नदीचे घ्यावे, देवाचे काही घेऊ नये. आजवर मोडला नाही.

सौ. म्हणाली, "बरं केलंत." तेवढ्यानेही खोकला आला.

२० नोव्हें. का. व. ५. नगर.

संपतच्या दुकानात. माझा जुना विद्यार्थी. संस्कृतात दोनदा नापास, आता गाड्यांच्या बॅटऱ्यांचा मोठा व्यापार. बाक उचलून आत पाहिले आणि म्हणाला, "सर, ह्या तर गाभण हायेत."

दोन्ही बॅटऱ्यांची पोटे फुगलेली. झाकणांवर लाल-पिवळा कठीण थर. त्याने पेचकसाने टोकरला. हळद, कुंकू, त्यात रुतलेल्या अक्षता, झेंडूची एक वाळकी पाकळी. दर खंडेनवमीला सौ. बिऱ्हाडाची पूजा करते: इंजिन, चाके, आणि बाक उचलून या दोन बॅटऱ्या. पाणी घालायच्या प्रत्येक झाकणावर कुंकवाचे ओले बोट. झाकणांना वायू बाहेर पडण्यासाठी बारीक भोके असतात. ती बुजली.

संपत हसू लागला. मी पुढे बोट दाखविले, सौ. ड्रायव्हरशेजारच्या जागेवर पाठमोरी बसली होती. तो हसायचा थांबला. हळू आवाजात म्हणाला, "उन्हानंबी फुगत्यात, सर. वय बी झालंतं त्यांचं."

कुंकू सर्व खरवडून कागदात घेतले. टाकवेना. गाडीतल्या तुळशीच्या डब्यात मातीखाली घातले. तिला सांगणार नाही.

आजची रात्र संपतच्या घरी, भिंतीतल्या विजेवर.

२१ नोव्हें. व. ६. नगर.

दोन मार्ग आहेत.

एक, पूर्वीच्याच शिशाच्या बॅटऱ्या. परंतु रात्रभर यंत्र चालवावयाचे तर दोन पुरणार नाहीत, चार लागतील. शिसे अर्ध्याखाली उतरवले की लवकर मरते. दर महिन्याला पाणी पाहावे लागते. आणि वजन; जावयाचे आहे रतनवाडीला, प्रवरेच्या उगमाशी. संपत म्हणाला, "राजूरच्या फुडं घाट हाय सर. मागं चार म्हशी बांधून चढायचं म्हना."

दुसरा, लिथियमची एक पेटी. चौघींचे काम एकटी करते, वजन एका पोत्याएवढे. पाणी नको. तळापर्यंत वापरली तरी कुरकुर नाही.

मी विचारले, "मग दोष कोणता?"

संपतने थोडा विचार केला. "शिसं बोलतं, सर. मरायच्या आधी दिवा पिवळा पडतो, पंखा कण्हतो. ही बोलत न्हाई. शेवटपर्यंत दिवा पांढराफेक, मशीनचा आवाज तस्साच. अन् मग एकदम खटका. आतच एक सर्किटची पाटी असती, ती करंट तोडून टाकती."

"काही खूण?"

"मीटर लावतो ना. टक्के दाखवतंय. पन आठ-पंधरा दिसांत एकदा पूर्ण भरली पायजे, न्हायतर मीटरचाच हिशोब चुकतो. तीस दाखवील अन् आत पाच."

सौ. चहाचा कप धरून ऐकत होती. तिने विचारले, "टिकतात किती?"

"शिसं तीन-चार वर्सं. हिला धा वर्सं बघायला नको, बाई."

"दोन्ही मला मोठ्याच होतात रे," ती म्हणाली. "लहान मापाची नाही का ठेवत?"

संपत दुकानातल्या पोऱ्यावर उगाचच ओरडला आणि आत निघून गेला.

२२ नोव्हें. व. ७.

डॉक्टरीणबाईंकडे. छातीचा नवा फोटो काढला. त्यांनी तो उजेडासमोर धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मला बाहेर बोलावून सांगितले ते येथे लिहीत नाही.

सायंकाळी पुण्याहून चि. अनिरुद्धचा फोन. "बाबा, बॅटऱ्या कसल्या निवडताय? आईला इकडे आणा. सोसायटीला जनरेटर आहे. लाईट गेली तर दहा सेकंदांत येते. त्या डोंगरात आहे काय?"

सौ.ने फोन मागून घेतला. "डोंगरात मी असणार आहे."

तो म्हणाला, "आई, मस्करी नको ना."

"मस्करी नाही. दोन महिने तुझ्याकडे राहिले की नाही पावसाळ्यात? नळीचं एक टोक माझ्या नाकात, दुसरं तुझ्या भिंतीत. जेवढी नळी तेवढी आई. उगम बघून येते. मग हवं तिथं बांध."

ती नेवाशाची. प्रवरेच्या पाण्यावर वाढली, तिच्याच काठी लग्न लागले. प्रवरेला आपण अमृतवाहिनी म्हणतो, आणि ती कोठून निघते हे हिने पाहिलेले नाही. पूर्वी प्रत्येक वर्षी 'पुढच्या खेपेस' असे मी म्हणत आलो. पौष लागला की वरचा ओहोळ आटतो. पुढच्या खेपेची भाषा आता दोघेही करत नाही.

२४ नोव्हें. व. ९.

निर्णय होत नाही.

इंद्रियांच्या भांडणाची जुनी कथा मी कित्येक देवळांत सांगितली. श्रेष्ठ कोण? वाणी वर्षभर निघून जाते, देह मुका होऊन जगतो. डोळे जातात, आंधळा होऊन जगतो. शेवटी प्राण नुसता उठण्याची हालचाल करतो, आणि बाकी सर्वांचे खुंटे उपटू लागतात. वाणीच्या फजितीला श्रोते हसत. मीही थांबून त्यांना हसू देत असे. तेव्हा शेजारी निजलेल्या माणसाचा श्वास ऐकत रात्र काढावी लागते हे ठाऊक नव्हते.

मला शिसेच हवे आहे, हे आज स्वतःशी मान्य केले. त्याचे वजन, त्याचे पाणी, घाटातील धाप, सर्व पत्करले. ते कळवून जाते. त्या पहाटे दिवा पिवळा पडला नसता तर?

सौ.ला तसे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. नाकाखाली नळी, मधूनमधून थांबून.

"तुम्हाला कळावं म्हणून चार म्हशी ओढायच्या?"

"माझा हात पोहोचला पाहिजे."

"आणि मी? मला आधीपासून पिवळं पडायचं नाही हो. माझी आई सहा महिने पिवळी पडत होती. सगळे येऊन बघून जात." एक खडा काढून तिने बाजूला ठेवला. "मला ती दुसरी आवडली. शेवटपर्यंत पांढराफेक."

मी म्हणालो, बॅटरीविषयी बोलतो आहोत.

"मग मीही बॅटरीविषयीच बोलतेय."

२५ नोव्हें. व. १०.

लिथियम. संपतला निरोप दिला.

२६ नोव्हें. व. ११, एकादशी.

पेटी बसली. काळी, गुळगुळीत, हिला ना झाकणे ना भोके. छपरावर दोन सौर पाट्या होत्याच, संपतने आणखी दोन जोडल्या. चालत्या इंजिनावर हिला भरण्याचा चार्जर मात्र आलेला नाही. पुण्याहून यायला पंधरवडा लागेल. जुन्या पद्धतीने इंजिनाला जोडली तर तारा तापतात, असे तो म्हणाला. "तवर नुसत्या उन्हावर, सर. इंजिनाच्या बॅटरीला मशीन लावू नका, गाडी जाग्यावरच बसंल." थांबावे असे त्याचे मत. माझेही. सौ.ने खिडकीतून आकाशाकडे बोट केले. निरभ्र.

पेटी बसल्यावर ती कुंकवाचा करंडा घेऊन मागे आली. बाकाशी वाकली. मी तिचा हात धरला. 

"सोडा," ती म्हणाली. "ठाऊक आहे मला."

"काय?"

"पुढच्या आरशात मागचं सगळं दिसतं. तुम्ही खरवडत होतात. बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येताना असायचं तसं तोंड होतं तुमचं." जरा दम घेऊन, "माझ्याच हातानं झालं ना? मग मला सांगायचं तरी."

ओले बोट तिने माझ्या कपाळाला टेकवले. करंडा बंद केला.

मीटर तिच्या उशाच्या वर बसविला आहे, लहान, निळ्या आकड्यांचा. संध्याकाळपर्यंत मी त्याच्याकडे किती वेळा पाहिले असेल. तिने तिचा विणलेला रुमाल त्यावर अडकविला. "त्याच्याकडे नाही. बघायचंच तर माझ्याकडे बघा."

३० नोव्हें. का. व. १४. भंडारदऱ्याच्या अलीकडे.

घाट चढलो. दुसऱ्या गिअरमध्ये, परंतु चढलो. सौ. पुढे बसली होती, छोटा सिलिंडर पायांत धरून, नातवंड धरावे तसा. रानात सोनकीची पिवळी फुले सरत आली आहेत. भात काढून झालेले. खाचरांतून नुसती खुंटे. तिने भाताच्या वासासाठी नळी दूर केली. 

रात्री यंत्र अखंड चालले. सकाळी रुमाल उचलून पाहिले: निम्म्याहून अधिक शिल्लक. संपतला फोन करून आशीर्वाद दिला. तो म्हणाला, "सर, तेवढं संस्कृतात पास करा आता."

२ डिसेंबर. मार्ग. शु. १. रतनवाडी.

पोहोचलो. महादेवाच्या देवळाशेजारी, आंब्याखाली नव्हे, उघड्यावर गाडी लावली, पाट्यांना ऊन मिळावे म्हणून. परंतु येथे रतनगड पूर्वेलाही खांदा टाकून बसला आहे काय कोण जाणे. सूर्य डोंगरावर यायला उशीर करतो आणि लवकर जातो. पेटी पूर्ण भरली नाही.

गड चढणे तिला शक्य नाही हे दोघांना ठाऊक होते. देवळामागे ओहोळ आहे. तोच पुढे प्रवरा. मी आणि देवळाची झाडलोट करणारा भागाबाबा यांनी तिला खुर्चीवर बसवून नेले. भागाबाबा माझ्याहून थोराड, अंगाने काटक. वाटेत म्हणाला, "आजी, तुमी तर पाखरावानी हलक्या." ती म्हणाली, "हवा भरलेली नाही ना."

पाण्यात पाय सोडून बसली. पाणी घोट्यापर्यंत, थंडगार, तळाचे दगड स्वच्छ दिसत होते. तिने ओंजळ भरली, तोंडाला लावली, मग पुन्हा. म्हणाली, "नेवाशाला हीच येते? एवढीशी?" बराच वेळ बसलो. मी सिलिंडरच्या काट्याकडे पाहत होतो. ती पाण्याकडे.

३ डिसें. शु. २.

ढग. दिवसभर छपरावरच्या पाट्या राखेच्या रंगाच्या. मार्गशीर्षात ढग का यावेत. रात्री जोराचा वारा आणि पाऊस.

४ डिसें. शु. ३.

सकाळी परतावयाचे ठरविले. भागाबाबाने वाटेतच थांबविले. "फुडं डांब पडलाय रस्त्यावर, तारांसगट. गाडी न्हाई जायाची. लाईट बी न्हाई. वायरमन उद्या येतो म्हनला; त्याचा उद्या आमाला ठावं हाय."

चालत जाऊन पाहिले. विजेचा खांब रस्त्यावर आडवा, त्याच्या खाली एक झाड. दोघा म्हाताऱ्यांच्याने हलणारे नाही. मोबाईलला रेंज नाही. गावातील तरुण मुले उसाच्या तोडीला खाली गेलेली.

गावात वीज नाही. इंजिनावर चार्जर नाही. आकाशात सूर्य नाही. सिलिंडर ओहोळाकाठी अर्ध्याहून अधिक वापरला गेला. तिच्या त्या ओंजळीसाठी वापरला गेला, त्याचे वाईट वाटत नाही. वाटू नये असा प्रयत्न करतो आहे.

दुपारी भागाबाबा देवळाच्या ओवरीतील कपाट उघडून दाखवू लागला. कोण्या भक्ताने देवाच्या दिव्यांसाठी छपरावर पाट्या व आत मोठ्या बॅटऱ्या दिल्या आहेत. शिशाच्या, चार. भरलेल्या. यात्रा महाशिवरात्रीला, तोपर्यंत एक दिवा तेवढा जळतो. "देवाला ह्या समद्या कशाला, बाबा? आजीला लावा."

सौ.ला सांगितले. पंखा, दिवे, सर्व बंद करून फक्त यंत्र चालू ठेवले आहे.

"नियम दोघांचा," ती म्हणाली. थांबली. श्वास घेतला. "एकट्यानं मोडायचा नाही."

मी आपद्धर्म समजावून सांगितला. संकटात सापडलेल्याला काय काय वर्ज्य नसते ते सारे, उदाहरणांसह. इतरांना मी हे नेहमी सांगत आलो आहे. तिने पूर्ण ऐकले, पूर्वी पहिल्या ओळीत बसून ऐकत असे तसे.

"छान सांगता," म्हणाली. "अजून चालतंय ना? मग कशाला? मला जन्मभर कुणाचं काही घेतल्यासारखं वाटलं नाही. शेवटी देवाचं घेऊ?" आणि डोळे मिटून, "मला विचारल्याशिवाय लावायची नाही. शपथ घ्या."

शपथ घेतली.

५ डिसें. शु. ४. रतनवाडी. सकाळ.

रात्री यंत्र चालले. पहाटे कोठे तिला झोप लागली. गाढ निजली आहे. तीन दिवसांत प्रथम. ओठांचा रंग बरा वाटतो, परंतु या उजेडात रंगांची खात्री देता येत नाही.

ओहोळावर संध्या केली. अर्घ्य देण्यासाठी ओंजळ वर उचलली, समोर सूर्य नव्हता; गडाच्या जागी ढगच. मुंजीपासून रोज दिलेले हे अर्घ्य, त्याबद्दल कधी काही मागितले नव्हते. आज मागितले. छपरावरच्या चार पाट्यांसाठी मागितले. ओंजळीतले पाणी संपल्यावरही हात तसेच धरून उभा होतो.

परत येऊन रुमाल उचलला. मीटर अठरा दाखवितो. नगर सोडल्यापासून पेटी एकदाही पूर्ण भरलेली नाही. म्हणजे अठरा आहेत की नाहीत हे मीटरलाही ठाऊक नाही.

सिलिंडर तिच्या हाताशी उभा केला आहे. नळी जोडून, चावी अर्धी सैल करून. काटा तांबड्याच्या काठावर.

लांब वायर काढली. एक टोक यंत्राच्या प्लगपर्यंत नेले, दुसरे आवारातून ओढत देवळाच्या ओवरीत. उंबरठ्यापर्यंत पुरली, वर हातभर उरली. भागाबाबाने कपाट उघडून ठेवले आहे आणि आपला झाडू घेऊन तो अंगण झाडतो आहे, माझ्याकडे न पाहता. एकदा येऊन विचारून गेला, "लावू का, बाबा?"

"तिला जाग येऊ द्या."

"उठवा की."

उठवावेसे वाटत नाही. उठवले तर ती बोलेल, बोलली तर श्वास जाईल, आणि 'नको' म्हणाली तर पुन्हा विचारण्याची सोय उरणार नाही. न विचारता लावले तर ती श्वास घेईल. परंतु डोळे उघडल्यावर ती प्रथम वायरीकडे पाहील आणि नंतर माझ्याकडे. देवाची क्षमा मला मागता येते. तिच्याकडे क्षमा कशी मागावी हे इतक्या वर्षांत शिकलो नाही. तशी वेळच तिने येऊ दिली नाही.

हे पायरीवर बसून लिहितो आहे. वायरीचे टोक मांडीवर. गाडीचे दार उघडे ठेवले आहे, म्हणजे यंत्र ऐकू यावे. भागाबाबालाही झाडू थांबवायला सांगितले.

आवाज येतो आहे. एकसारखा, स्पष्ट, कोठेही न अडखळता. संपतने सांगितले होते, शेवटपर्यंत तो तस्साच येईल.